घराच्या आतला व्हिडिओ काढताना कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवावी, आणि खोल्या मोठ्या कशा दाखवाव्या?

तुम्ही लिहिलंय की लग्नाचं शूटिंग करता, आता रो-हाऊसवाल्या बिल्डरची कामं येताहेत आणि त्याची एकच अट आहे, खोली मोठी दिसली पाहिजे. तुमच्या प्रश्नाच्या त्या शेवटच्या तुकड्यासाठी लिहायला बसलो. बाकीचं येईल ओघात.

खोली मोठी दाखवू नका. आहे तेवढी दाखवा. बिल्डर दहा वेळा म्हणाला तरी.

मी आर्वी तालुक्यातला. चौदा वर्षं झाली, साखरपुड्यापासून तेरवीपर्यंत सगळं शूट केलं. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जाणार हे पक्कं झालं तेव्हापासून इकडे कपाशीच्या वावरात ले-आउट पडायला लागले आणि पाठोपाठ रो-हाऊसं उभी राहिली. माझा साळा प्लॉटची दलाली करतो. एप्रिल २०२२ मध्ये त्यानं मला सहा रो-हाऊसचं काम आणून दिलं. प्रत्येक घर सारखंच. हॉल दहा बाय अकरा, मागे स्वयंपाकघर, वर एक खोली, जिन्याखाली संडास-बाथरूम.

माझ्याकडे कॅननची क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, आणि १०-१८ मिलिमीटरची लेन्स. आकडा जेवढा लहान तेवढा पसारा जास्त. सगळं घर १० वर काढलं. पाठ कोपऱ्यात टेकवली, कॅमेरा छातीच्या थोडा खाली धरला आणि गिंबलवर, म्हणजे हिसके शोषणाऱ्या दांड्यावर, हळू पुढे सरकलो. साळ्यानं सामान मुद्दाम बारकं आणलं होतं. दिवाण सहा फुटी असतो, त्यानं पाच फुटी मिळवला. सोफा दोघांचा. मी ते बघितलं आणि काही बोललो नाही. हे लिहिणं भाग आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा तिथून सुरू होतो.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी तेव्हा पुण्याला मुलाकडे होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, वडिलांना दाखवला, आईला दाखवला आणि ५१ हजार इसार पाठवून दिला. घर कोणी पाहिलं नाही. कॅमेऱ्यानं पाहिलं होतं ना.

महिनाभरानं गुरुजी आणि काकू एसटीनं आले. मी त्या दिवशी शेजारच्या घरात होतो, म्हणून साळ्यानं मलाही बोलावलं. काकू हॉलमध्ये शिरल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, “हे तेच घर होय का जी?”

त्यांनी तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेल कोण जाणे. कोणती वस्तू कुठे ठेवायची ते सगळं ठरवून आल्या होत्या. समोरच्या भिंतीला महालक्ष्म्या बसवायच्या, मखर पाच फुटांचं, पुढे फुलोरा टांगायचा, आणि मखरापासून दारापर्यंत दोन पंगती. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. अख्खा मोहल्ला जेवतो. त्या भिंतीपाशी गेल्या, पदर खोचला आणि पाऊल मोजत मोजत दाराकडे आल्या. मखर सोडलं तर एक पंगतही धड बसत नव्हती. “व्हिडिओत त इथून तिथवर पंगत बसन असं वाटे,” एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

गुरुजी माझ्याकडे वळले. “कॅमेरा तुमचाच होय काय?” मी हो म्हणालो. “मंग खोली केवढी आहे हे तुम्हाले तवाच माहीत होतं.”

इसार सहा महिने चकरा मारून अर्धा परत मिळाला. माझ्या शूटिंगचे सहा हजार मला केव्हाच रोख मिळाले होते.

साळ्याशी त्या रात्री वाद झाला आणि तो आजही मिटलेला नाही. त्याचं म्हणणं, “जाहिरात होय ते भाऊजी. लग्नात तुम्ही नवरी उजळ करून देता, ते चालते?” हा टोला मला लागला. मी तेव्हा म्हणालो की नवरीला सगळ्या गावानं पाहिलेलं असतं, तिच्या व्हिडिओवर कोणी इसार देत नाही. पण मनातून मला ते पटलं होतं. त्या सीझनपासून चेहरे उजळ करणं बंद केलं. दोन गिऱ्हाइकं गेली. गेली तर गेली.

आता लेन्सचं, कारण खोटेपणा तिथूनच शिरतो. क्रॉप बॉडीवर १० म्हणजे फुल फ्रेमवर, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १६. आडवं बघितलं तर ९६ अंशांच्या आसपास घेते. एवढा पसारा सहा इंचांच्या मोबाइलवर बसवला की जवळची वस्तू फार मोठी आणि लांबची फार बारीक दिसते. डोळा समजतो की मधलं अंतर जास्त आहे. मागची भिंत कोणीतरी चार पावलं ढकलून दिल्यासारखी होते. शिवाय फ्रेमच्या कडेला जे येतं ते ताणलं जातं. माझ्या त्या व्हिडिओत कडेला ठेवलेला माठ अंड्यासारखा दिसतो आणि दोघांचा सोफा तिघांचा वाटतो. लेन्स बिघडलेली नाही, सरळ रेघ सरळ ठेवायची तर कडा ताणावीच लागते.

मी आता क्रॉपवर १४ च्या खाली जात नाही. फुल फ्रेमवर २२ धरा. एका फ्रेममध्ये खोली मावत नसेल तर दोन शॉट घ्या, एक दारातून आणि एक खिडकीकडून. मोबाइलवर ०.५ चं, म्हणजे रुंद लेन्सचं, बटण बैठकीच्या खोलीत दाबू नका. आणि प्रत्येक खोलीत माणसाला माप माहीत असलेली एक वस्तू फ्रेमच्या मधोमध ठेवा, कडेला नको. प्लॅस्टिकची साधी खुर्ची सर्वांत चांगली, ती प्रत्येकाच्या अंगणात असते. मी प्रत्येक खोलीच्या सुरुवातीला जमिनीवर टेप पसरून चार सेकंदांचा शॉट घेतो आणि वर फूट लिहितो. साळा म्हणतो, यानं धंदा बुडेल. माझा अनुभव असा की फुकट चकरा मारणारे कमी होतात आणि जे येतात ते घ्यायला येतात.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण वादात तेही निघालं होतं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याच्या बाराव्या कलमात स्पष्ट आहे: जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर भरवसा ठेवून कोणी पैसे दिले आणि त्याचं नुकसान झालं तर बिल्डरनं भरपाई द्यायची, आणि गिऱ्हाइकाला सौदा सोडायचा असेल तर सगळी रक्कम व्याजासकट परत करायची. साळ्याचं उत्तर तयार होतं: आपल्याकडे सहाच घरं, आठपर्यंत घरं असली तर नोंदणी लागतच नाही. नोंदणीचं त्याचं म्हणणं खरं आहे. पण नोंदणी लागत नाही म्हणून दहाचा हॉल पंधराचा होत नाही.

सेटिंगकडे येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, किंवा ५० फ्रेम आणि १/१००. लग्नात तुम्ही हेच करत असणार. मला सांगावंसं वाटतं ते यासाठी की घराच्या व्हिडिओचं शिक्षण आपण सगळे अमेरिकेतल्या माणसांकडून घेतो, ते १/६० म्हणतात कारण तिथली वीज ६० ची. इथे तसं केलं की भिंतीवरून काळे पट्टे सरकतात. मोबाइलवर ३० फ्रेमच असतील तर राहू द्या, शटर तेवढं १/५० किंवा १/१०० वर बांधा. पीओपीच्या खाचेत लावलेल्या पट्टीच्या लाइट कमी उजेडावर ठेवलेल्या असल्या तर हे करूनही थरथरतात. त्या पूर्ण लावा नाहीतर बंद करा.

मी ५० फ्रेमवर काढतो आणि २५ वर निम्म्या वेगानं चालवतो. चालताना बसणारा हिसका त्यात विरतो.

फोकस ऑटोवर ठेवू नका, कोऱ्या भिंतीवर तो भटकतो. १४ वर, लेन्सचं छिद्र एफ ५.६ ला ठेवून, सहा फुटांवर फोकस लावून सोडून द्या. तीन फुटांपासून पुढे सगळं स्पष्ट येतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १६०० पर्यंत. त्याच्या वर भिंत किडल्यासारखी दिसते. कॅमेरा जमिनीपासून चार फुटांवर आणि अगदी लेव्हलमध्ये. जरा वर-खाली वाकला की भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात. ओट्याजवळ अर्धा फूट वर घ्या म्हणजे ग्रॅनाइटचा वरचा भाग दिसेल.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लावायची सेटिंग, ऑटोवर ठेवलात तर हॉलमधून स्वयंपाकघरात जाता जाता रंग बदलतो. खिडकीचा उजेड साडेपाच हजार केल्व्हिनच्या आसपास, पांढरी ट्यूब साडेसहा हजार, पिवळा बल्ब तीन हजारांच्या आत. तिन्ही एकत्र असले तर कोणताही आकडा चुकीचाच. सगळे दिवे बंद करून खिडकीच्या उजेडावर काढणं मला सर्वांत आवडतं. पण आपल्याकडे उन्हाळ्यात अंगणावर हिरवी नेट बांधलेली असते, ती पुस्तकात कुठे सापडणार नाही. त्या नेटमधून गाळून आलेला उजेड अख्खा हॉल हिरवट करतो, आणि भिंत पिस्ता रंगाची असली तर घर आजारी वाटतं. एडिटिंगमध्ये तो हिरवा काढायला गेलो तर माणसांची कातडी जांभळी झाली. दोन दोऱ्या सोडून नेट तासाभरासाठी गुंडाळून ठेवायची, दुसरा उपाय नाही.

तसाच कूलर. मार्चपासून जूनपर्यंत हॉलच्या एकुलत्या एका खिडकीत तो बसलेला असतो, उजेड अडवतो आणि खोली काळोखी करतो. नव्या घरात नसतो, पण राहत्या घराची विक्री असेल तर तो काढायला लावा. जमत नसेल तर तसाच दाखवा, घेणाऱ्यालाही तो तिथेच ठेवायचा आहे.

बाहेरचं ऊन आणि आतला अंधार एका फ्रेममध्ये बसत नाही. सकाळी आठ-नऊला जा, त्यातही सूर्य घराच्या मागे असेल अशी बाजू आधी. उजेड खोलीचा मोजा, खिडकी थोडी जळू द्या. पातळ पांढरा पडदा लावला तर ती बरीच सावरते. पंखा बंद ठेवा, त्याची पाती कॅमेऱ्यात उलटसुलट फिरताना दिसतात.

गिंबल हवाच का, असं तुम्ही विचारलंय. एका शॉटसाठी हवा: मुख्य दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत न तोडता एकदा चाला, अनवाणी, गुडघे सैल ठेवून. कोणत्या खोलीतून कोणती खोली लागते, संडासाचं दार कुठे उघडतं, हे त्यातूनच कळतं. तुकडे जोडलेल्या व्हिडिओत हे लपवता येतं आणि लपवलं जातंच. माझ्या त्या व्हिडिओत संडासाचं दार स्वयंपाकघराकडे उघडतं हे कुठेच दिसत नव्हतं. काकूंनी तेही विचारलं होतं. बाकी सगळे शॉट ट्रायपॉडवर, आठ-आठ सेकंदांचे, न हलता. माणसाला खोली न्याहाळायला थांबावं लागतं.

आता मी वर जे ठणकावून सांगितलं त्यात थोडी सूट. पाच बाय चारच्या बाथरूममध्ये १४ नं नुसता नळ येतो, तिथे १० वापरा, पण फूट लिहा. मोठ्या वाड्यात, कवेलूच्या जुन्या घरात, जिथे ओसरीच तीस फूट आहे, तिथे लेन्सनं फार फसवणूक होत नाही, तिथे रुंद लेन्स शोभते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बंद घरात शूट कराल तर कॅमेरा तापून स्वतःच बंद पडतो. दोन-दोन मिनिटांचे तुकडे घ्या, स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवा. आणि बिल्डर ऐकतच नसेल, घरात दुसरी कमाई नसेल, तर काम सोडा असं मी सांगणार नाही. मीही तेव्हा सोडलं नव्हतं. टेपचा शॉट तेवढा घ्या आणि मूळ फाइल जपून ठेवा.

तुमची बॉडी क्रॉप आहे की फुल फ्रेम ते लिहिलं नाही. ते कळवा, मग लेन्सचा नेमका आकडा सांगतो.