वाचक विचारतात: मोठ्यांच्या पार्टीतले पत्ते, मराठीत

प्रश्न : ‘कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी’ इंग्रजीत खेळतो. (काळ्या पत्त्यावर गाळलेली जागा असलेलं वाक्य, बाकीचे हातातला पांढरा पत्ता टाकून ती भरतात आणि त्या डावाचा परीक्षक सगळ्यांत मजेदार उत्तर निवडतो.) त्यातले अमेरिकी संदर्भ अर्ध्या लोकांना कळत नाहीत. मराठी संच घरी करता येईल का? काळ्या पत्त्यावरची वाक्यं नुसती भाषांतरित करून पाहिली, पण वाचताना मजा येत नाही.

उत्तर : येईल. तुमचं घोडं अडलंय ते विभक्तीपाशी. इंग्रजीत गाळलेल्या जागी कुठलंही नाम जसंच्या तसं बसतं, मराठीत त्याचं सामान्यरूप होतं. काळ्या पत्त्यावर ‘____मुळे आमचं लग्न मोडलं’ असं असेल आणि कुणी ‘सासऱ्यांचं घोरणं’ टाकलं, तर वाचणाऱ्याला ऐन वेळी ‘सासऱ्यांच्या घोरण्यामुळे’ असं जुळवून घ्यावं लागतं. तो क्षणभर अडखळतो आणि तेवढ्यात हशा जातो. शिवाय उत्तर वाक्याच्या सुरुवातीलाच फुटतं.

म्हणून मोकळी जागा शेवटी ठेवा, तिला प्रत्यय लागू देऊ नका आणि क्रियापद तिच्या लिंगावर अवलंबून ठेवू नका. ‘आमचं लग्न मोडण्याचं खरं कारण: ____.’ ‘डॉक्टरांनी कायमची बंद करायला सांगितलेली गोष्ट: ____.’ ‘गोष्ट’ हा शब्द फार उपयोगी आहे. क्रियापद त्याच्याशी जुळतं, उत्तर पुल्लिंगी असो की नपुंसकलिंगी. दोन पत्त्यांसाठी ‘मधुचंद्राची रात्र: आधी ____, मग ____’ हा साचा छान चालतो.

पांढऱ्या पत्त्यांवर डोळ्यांसमोर उभं राहील असं लिहा. ‘लोभ’ कुठेही बसतो आणि कुठेच हसवत नाही. ‘साबुदाणा खिचडीची चौथी प्लेट’, ‘पाहुण्यांसमोर उडालेली कुकरची शिट्टी’, ‘न फेडलेला नवस’ हे पत्ते दहा वेगवेगळ्या प्रश्नांना दहा अर्थ देतात. पत्ता एकटाच फार विनोदी असेल तर तो एकाच जागी चालतो, पुढच्या वेळी शिळा होतो.

प्रश्न : पत्ते किती करावेत? छपाई कशी?

उत्तर : आठ जण बसले आणि प्रत्येकाला नेहमीप्रमाणे 10 पांढरे पत्ते वाटले की 80 हातात गेले. त्या डावाचा परीक्षक सोडून सात जण एकेक टाकतात, म्हणजे दर डावाला सात नवे उचलले जातात. 200 पांढऱ्यांत 17 डाव निघतात. काळे 40 पुरतात. ए-फोर कागदावर 63 बाय 88 मिलिमीटरचे नऊ पत्ते बसतात. पांढऱ्यांसाठी 23 कागद, काळ्यांसाठी 5.

कागद 300 जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा जाड कागद घ्या. पातळ कागद उजेडात आरपार दिसतो, आणि घरच्या प्रिंटरमध्ये एवढा जाड कागद बहुधा अडकतो, म्हणून डिजिटल प्रिंटवाल्याकडे जा. फाइल फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच सामावलेली पीडीएफच द्या. वर्ड फाइल दिलीत आणि त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. सगळ्या कागदांचा एकच नमुना आधी काढून वाचून पाहा. काळ्या पत्त्यांना पूर्ण काळी पार्श्वभूमी टाळलेली बरी, कापताना कडेची शाई उडते. त्याऐवजी ते रंगीत कार्डशीटवर काळ्या अक्षरांत छापा.

प्रश्न : आम्ही तिघंच असतो. चालेल?

उत्तर : तिघांत दोनच उत्तरं येतात, रंगत नाही. मूळ नियमांतच तोडगा आहे: दर डावाला गठ्ठ्यातला एक पांढरा पत्ता न बघता टाकायचा, तो एका काल्पनिक खेळाडूचा. तो अनेकदा जिंकतो! बारा जण असतील तर मात्र सरळ दोन गट करा. अकरा उत्तरं वाचेपर्यंत पहिली विसरायला होतात.

प्रश्न : गेल्या वेळी एका पत्त्यावरून एक मैत्रीण दुखावली.

उत्तर : जात, अपंगत्व, मूल न होणं, आणि त्या खोलीतल्या कुणाचं शरीर, हे विषय संचातच ठेवू नका. मूळ संचातूनही टीकेनंतर काही पत्ते काढले गेले आहेत. शिवाय सुरुवातीलाच सांगा: नको असलेला पत्ता कुणीही, कारण न देता, कायमचा बाजूला ठेवून नवा घ्यावा. कारण विचारायचं नाही, हे महत्त्वाचं. कारण सांगावं लागलं तर माणूस गप्प बसणं पसंत करतो.

प्रश्न : असा संच विकला तर?

उत्तर : मूळ मजकुराचं भाषांतर असेल तर नाही. तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे: श्रेय द्या, धंदा करू नका, बदललेला संच त्याच अटींवर वाटा. मित्रांना फुकट द्यायला हरकत नाही.