घाटात काटा लाल होतो

प्रश्न : माझी 2004ची डिझेल गाडी चाळीसगावपर्यंत छान चालते, पण कन्नडचा घाट चढताना तापते. दर आठवड्याला लिटरभर बोअरचं पाणी टाकावं लागतं. काय करू? – एक वाचक, पाचोरा

उत्तर : दादा, आधी ते बोअरचं पाणी बंद करा. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. सपाटीवर निभावतं, चढावर नाही. गाडी फिरवून आणा, इंजिन बंद करा, पंख्यापासून हात जपून रेडिएटरची जाळी चाचपा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथे नळ्या तुंबल्यात. रेडिएटर साफ करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

पण लिटरभर पाणी जातं कुठे, याची मला जास्त काळजी वाटते. वॉटर पंपाखाली ओघळाचा सुकलेला डाग दिसतो का? रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलंय का? दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळतं. सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करा. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधली सील, गेलंय. मग घाट विसरा, थेट गॅरेज गाठा.

वाटेत तापमानाचा काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि गाडी बाजूला. गरम झाकणाला मात्र हात लावू नका. माझ्या डाव्या मनगटावर त्या वाफेचा डाग अजून आहे.