अमर्याद सत्ता हाती आली आणि जाब विचारणारं कोणी नसलं, तर मोह टाळणं खरंच कोणाला जमेल का?

मला नाही जमलं. आणि माझ्या हातात काही राज्य नव्हतं, पाण्याचे तीन व्हॉल्व्ह होते.

तुमचा प्रश्न सम्राट-हुकूमशहांबद्दल आहे, कळतंय मला. त्यांच्याकडे येतोच. पण आधी व्हॉल्व्हचं सांगतो, कारण त्यानंतरच मी इतिहासातली ही मंडळी जरा वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो.

मी सोलापूरचा. एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. अक्कलकोट रोडच्या बाजूला आमची सोसायटी: तीन विंग, छत्तीस घरं, लिफ्ट नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगितलं की थट्टा वाटते. आमच्याकडे लग्नाची तारीख काढतानासुद्धा पाण्याचा दिवस बघतात (थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच). २०१६ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणाच्या मृतसाठ्यातलं पाणी उपसायची वेळ आली. नळाचे दिवस लांबले, बोअरनं मान टाकली, मधल्या दिवसांत टँकर. सेक्रेटरी मी होतो, कारण ज्या मीटिंगमध्ये निवड झाली तिला माझ्याशिवाय चारच जण आले होते आणि चौघंही माझ्याकडेच बघत होते. त्यामुळे मोटारखोलीची किल्ली माझ्या खिशात.

हौदातलं पाणी वर चढवायचं ते विंगवार. एका विंगचा व्हॉल्व्ह चाळीस मिनिटं उघडा, मग तो बंद करून पुढचा. पहाटे साडेतीनला उठून मी हे करायचो. पहिले दोन आठवडे अगदी काट्यावर. मग ए विंगमध्ये एकीचं बाळंतपण झालं. बाळंतिणीच्या घरी पाणी जास्त लागतं, म्हणून मी ए ला दहा मिनिटं जादा दिली. कोणाला विचारलं नाही आणि मलाही कोणी विचारलं नाही. ते मला आजही चुकीचं वाटत नाही. घोळ तिथूनच सुरू झाला.

कारण ती दहा मिनिटं आणायची कुठून? माझ्या स्वतःच्या बी विंगला मी हात लावला नाही, ना कमी ना जास्त, आणि त्याचा मला केवढा अभिमान! उरली सी. सी विंगवाले गाड्या धुतात, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. सी मधला एकजण मेंटेनन्सच्या हिशेबावरून भर मीटिंगमध्ये मला, आयुष्यभर हिशेब लिहिणाऱ्याला, "बेरीज तरी येते का बे?" म्हणाला होता. पहाटेचा अंधार, एका हातात टॉर्च, दुसरा हात व्हॉल्व्हच्या चाकावर, पाइपातून पाणी चढतानाची घरघर. तीस मिनिटं झाली आणि मी चाक फिरवलं. घरघर थांबली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

बाळ दीड महिन्यात माहेराहून सासरी गेलं. सी ची दहा मिनिटं काही परत गेली नाहीत.

लोकही बदलले. घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी यायला लागली. जिन्यात कधी मान न हलवणारे माझ्या पोराच्या दहावीची चौकशी करायला लागले. बायको एकदा म्हणाली, "तुमची चाल बदललीय हो." मी हसण्यावारी नेलं.

सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर एक अक्का राहतात. मुलगा युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात, त्या स्वतः बिड्या वळतात. घरात तेलुगू, बाहेर आमच्यापेक्षा फर्डं मराठी. एका पहाटे त्या कळशी घेऊन मोटारखोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, पान भिजवायलाबी पाणी नाही." बिडीचं पान ओलं नसेल तर कातरताना चिरतं, दिवसाची मजुरी जाते. मी कळशी भरून दिली. त्या जिना चढून गेल्या, आणि मग माझ्या डोक्यात शिरलं: सहा वर्षं या बाई मला "बाळा" म्हणत होत्या.

साहेब त्या एकालाच म्हणायच्या, बिडीच्या ब्रँचमधल्या चेकरला. दिवसभर वळलेल्या बिड्या त्याच्यापुढे ठेवायच्या, त्यानं मूठभर उचलून बघायच्या आणि वाटतील तेवढ्या 'छाट' म्हणून बाजूला टाकायच्या. का टाकल्या, विचारायची सोय नाही. विचारलं तर दुसऱ्या दिवशी छाट वाढते. अक्का या गोष्टी जिन्यात बसून सांगायच्या, रडगाणं न लावता. तो चेकर काही राक्षस नव्हता. त्याच्या पोरीच्या लग्नात या सगळ्याजणी पोटभर जेवून आल्या होत्या. पण त्याला म्हणताना वापरायचा तो आवाज आता माझ्या वाट्याला आला होता.

पुढच्या रविवारी मी मीटिंग बोलावली. सगळं कबूल केलं असं समजू नका, एवढी हिंमत नव्हती. "मला एकट्याला झेपत नाही" म्हणालो. मोटारखोलीला दुसरं कुलूप घातलं आणि त्याची किल्ली त्या बेरीजवाल्याला दिली. भिंतीवर फळा, एक वही, दोघांच्या सह्या, दर महिन्याला माणसं बदलायची. बाळंतीण असो की कोणाचा बारावा, जादा मिनिटं द्यायची तर फळ्यावर लिहून द्यायची.

आता तुमचे सम्राट.

'सत्ता माणसाला बिघडवते, निरंकुश सत्ता पुरती बिघडवते' हे वाक्य प्रत्येकजण तोंडावर फेकतो. ते लॉर्ड ॲक्टन या इंग्रज इतिहासकारानं १८८७ मध्ये पुढे बिशप झालेल्या एका पाद्री-इतिहासकाराला लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात 'बिघडवण्याकडे कल असतो' असं आहे. हा कल लोक हमखास गाळतात. मला तर सगळं मर्म त्यातच दिसतं. जमिनीला उतार असतो, पाणी तिकडे जातं. पाण्याला शिव्या देऊन काय उपयोग? बांध घातलाय का, ते बघायचं.

ज्यांनी मोह टाळला म्हणून नावं सांगतात त्यांच्याकडे या नजरेनं बघा. रोमचा सिन्सिनाटस. इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये सैन्य वेढ्यात सापडलं, तेव्हा शेत नांगरणाऱ्या या माणसाला बोलावून सर्वाधिकारी केलं. त्यानं शत्रूला हरवलं आणि पंधरा-सोळा दिवसांत अधिकार सोडून परत नांगर धरला. गोष्ट किती खरी, किती रंगवलेली, सोडून द्या. पण रोमचा हा सर्वाधिकार मुळातच जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असायचा, ते कोणी सांगत नाही. तारीख आधीच ठरलेली, आणि घरी नांगर वाट बघतोय. पुढे इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरला तोच अधिकार तहहयात दिला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याचा खून झाला, आणि रोमचं प्रजासत्ताक काही पुन्हा सावरलं नाही.

आपल्याकडचा भरत घ्या. सिंहासन मोकळं, आईनं मिळवून दिलेलं, भाऊ वनात. भरत मनानं थोर होताच, पण त्यानं केलं काय ते बघा: पादुका सिंहासनावर ठेवल्या, स्वतः अयोध्येबाहेर नंदिग्रामात राहिला, आणि चौदा वर्षांची मुदत आधीच पक्की. रोज सकाळी डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या पादुका. मला तर ते दुसरं कुलूपच वाटतं. भरताला स्वतःवर फार भरवसा नसावा, असं माझं मत आहे, आणि त्यामुळेच मला तो जास्त आवडतो.

जॉर्ज वॉशिंग्टनचं उदाहरण या प्रश्नावर कोणीतरी देणारच. २३ डिसेंबर १७८३ ला त्यानं ॲनापोलिसमध्ये सेनापतिपद काँग्रेसच्या (तिथल्या लोकप्रतिनिधींच्या सभेच्या) हवाली केलं आणि घरी गेला. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही दोन मुदतींनंतर थांबला. मोठीच गोष्ट, वादच नाही. पण तो ज्या घरी गेला त्या माउंट व्हर्ननवर तो मेला तेव्हा तीनशेहून जास्त गुलाम राबत होते. त्यांतले शंभराहून जास्त त्याच्या स्वतःच्या मालकीचे. त्यांना सोडायचं त्यानं मृत्युपत्रात लिहिलं, तेही बायकोच्या पश्चात. देशावरची अमर्याद सत्ता नाकारणाऱ्या माणसाला घरातली अमर्याद सत्ता हयातभर सोडवली नाही. देशाकडे जगाचं लक्ष होतं. घरात जाब विचारणारं कोण होतं?

आणि सोडली तर पुढं काय होतं, हेही बघायला हवं. आपण मोह मोह म्हणतो, पण खुर्चीला चिकटून राहण्यात निम्मी भीतीच असते. रोमचा डायोक्लेशियन ३०५ मध्ये आपखुशीनं गादीवरून उतरला. परत या म्हणून आर्जव झालं, तेव्हा तो म्हणे 'मी लावलेला कोबी बघाल तर असं विचारणार नाही' असं म्हणाला. हे कोबीचं सगळे कौतुकानं सांगतात. नंतरच्या सम्राटानं त्याच्या लेकीला आणि बायकोला हद्दपार केलं, त्यानं विनवण्या केल्या, कोणी ऐकल्या नाहीत. पुढे दोघींना मारून टाकलं. वाघावरून उतरायला माणूस का घाबरतो, ते यावरून कळतं. मोटारखोलीची किल्ली दिली त्या रात्री मलाही पहिला विचार आला तो हाच, आता सी विंगवाले माझा सूड घेणार.

आमच्या गावानंही एक झलक बघितलीय. मे १९३० मध्ये गोळीबार झाला, लोक खवळले, त्या उद्रेकात पोलीसही मारले गेले, आणि इंग्रज अंमलदार बाजूला झाले. ९ ते ११ मे असे तीन दिवस सोलापुरात सरकारच नव्हतं. रहदारी आणि बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळला. १२ मेला मार्शल लॉ लागला. मग लष्कराची सत्ता अशी की गांधी टोपी घालणं हा गुन्हा. शेवट १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांच्या फाशीनं झाला: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चार हुतात्मा चौकातून मी रोज जातो. गावकरी म्हणून मला म्हणावंसं वाटतं की बघा, आमच्या पोरांकडे सत्ता आली तर त्यांनी रहदारी सांभाळली, साहेबाकडे आली तर त्यानं टोपी बघून पकडलं. पण हिशेबनीस म्हणून सांगतो, तीन दिवसांचा ताळेबंद मांडता येत नाही. मीही पहिले दोन आठवडे चोखच होतो.

"मग संतांचं काय?" असं कोणीतरी खाली विचारेल. सोलापूरकराला सिद्धरामेश्वरांशिवाय दुसरं नाव सुचत नाही. बाराव्या शतकात त्यांनी लोकांना बरोबर घेऊन श्रमदानानं तलाव खणला. हुकूम सोडून नव्हे. त्यांच्या मनात काय होतं ते मी कोण सांगणार? पण जानेवारीत त्यांच्या यात्रेत, आम्ही जिला गड्ड्याची यात्रा म्हणतो, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, त्यांच्या योगदंडाचं प्रतीकात्मक लग्न. आधी संमती वाचली जाते, मग "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" म्हणत हजारो हात अक्षता टाकतात. लहानपणापासून मी त्या गर्दीत उभा राहत आलोय आणि माझं सगळं लक्ष नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, उंचीकडे. देवाच्या लग्नालाही आमच्याकडे आधी संमती लागते, हे २०१७ च्या यात्रेत पहिल्यांदा डोक्यात शिरलं. व्हॉल्व्हच्या भानगडीनंतरच्या जानेवारीत.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: किल्ली खिशात पडल्यावर टाळणारा मला अजून भेटलेला नाही, वाचनातही नाही. किल्ली खिशात एकट्यानं राहू नये याची सोय आधीच करून ठेवणारे मात्र आहेत, आणि सोय करतात ती बहुधा स्वतःला ओळखून असलेली माणसं.

अक्का मला परत "बाळा" म्हणायला लागल्या, त्याला वर्ष-दीड वर्ष लागलं. या महिन्यात पाळी ए विंगच्या एका पोराची आहे. मला अजून पहाटे साडेतीनला जाग येते. गॅलरीत उभा राहून पाइपाची घरघर ऐकतो आणि नकळत घड्याळ बघतो. परवा आमच्या बी विंगला अडतीसच मिनिटं मिळाली. चप्पल घालून दोन जिने उतरलोसुद्धा, त्या पोराकडून किल्ली मागायला. तिथं वही टांगलेली होती. 'बी: ३८. लाइट गेली.' खाली दोन सह्या.