पगारी माणसाची गोष्ट

प्रश्न होता: अमेरिकेतल्या ‘वाइल्ड वेस्ट’मधल्या डाकू आणि शेरीफच्या लघुकथा वाचायच्या आहेत. कोणत्या वाचू? आणि खरंच तसं घडायचं का?

एल्मोर लेनर्डची ‘थ्री-टेन टू युमा’ वाचा, बाकीच्या नंतर. सिनेमा पाहिला असेल तर तो बाजूला ठेवून वाचा. सिनेमावाल्यांनी त्या कथेचं मूळच उपटून टाकलंय, आणि त्यावरून माझा आणि आमच्या साडूंचा बारा वर्षं वाद चालू आहे.

1953 च्या मार्चमध्ये ‘डाइम वेस्टर्न’ नावाच्या स्वस्त मासिकात ती आली. शब्दाला दोन सेंट या दराने लेनर्डला तिचे 90 डॉलर मिळाले. पॉल स्कॅलन हा डेप्युटी मार्शल, म्हणजे कायदा राखणारा सरकारी अधिकारी, जिम किड या शिक्षा झालेल्या दरोडेखोराला घेऊन पहाटे ॲरिझोनातल्या कंटेन्शन गावात येतो. तीन-दहाच्या गाडीने त्याला युमाच्या तुरुंगात न्यायचंय. तोवर हॉटेलच्या खोलीत बसून राहायचं. खाली रस्त्यावर किडची माणसं जमायला लागलेली. आणि किड निवांतपणे विचारतो, तुला पगार किती मिळतो रे? महिना दीडशे डॉलर.

तिथे मी पुस्तक मिटलं. हाच प्रश्न मला भुसावळ स्टेशनवर विचारला गेला होता.

साल 1996. मी पोलीस नाईक होतो. दरोड्याच्या गुन्ह्यातला एक आरोपी तारखेसाठी अकोल्याच्या कोर्टात हजर करायचा होता. पार्टीला तीन माणसं मागितली, वरून दोनच मिळाली. मी आणि एक शिपाई. शिपायाला त्या दिवशी ताप होता, पण नाही म्हणायची सोय नव्हती. बेडीची परवानगी कोर्टाकडून घेतलेली, तो कागद माझ्या वरच्या खिशात. भुसावळला गाडी बदलायची होती आणि पुढची गाडी चार तास लेट.

रात्री साडेबाराच्या सुमाराला नळाजवळ तीन पोरं दिसली. पाणी पीत नव्हती, बाटली भरत नव्हती, नुसती उभी. आरोपीने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ती त्याची आहेत. अनोळखी माणसाकडे कुणीही सहज बघतो. मी त्याला उठवलं आणि पार्सल ऑफिसच्या भिंतीला पाठ लावून तिघं बसलो. बेडीची साखळी मी मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती. त्याचा वळ दोन दिवस राहिला.

मग तो म्हणाला, “साहेब, पगार किती हो तुम्हाला?”

मी गप्प. तर म्हणाला, “तीनेक हजार असेल. पोरंबाळं आहेत ना? मग कशाला एवढा जीव काढता?” धमकी नव्हती हो त्यात. खरंच विचारत होता. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कर्तव्य, वर्दी, असले शब्द त्या वेळी तोंडात येत नाहीत. डोक्यात एवढंच असतं की हा उद्या अकराला कोर्टात उभा राहिला पाहिजे आणि माझ्या हातात पावती पडली पाहिजे.

पहाटे सव्वाचारला गाडी आली. पोरं नळाशीच राहिली. काहीही घडलं नाही. पण चार तास काही न घडणं म्हणजे काय असतं, ते लेनर्डने त्या हॉटेलच्या खोलीत जसंच्या तसं लिहिलंय. खिडकी, रस्ता, पुन्हा खिडकी.

आता सिनेमांनी काय केलं बघा. 1957 आणि 2007, दोन्ही वेळा मार्शलच्या जागी पैशाच्या तंगीत सापडलेला शेतकरी आणला. तो 200 डॉलरसाठी कैद्याला गाडीवर पोचवतो. आमचे साडू मराठीचे प्राध्यापक. त्यांचं म्हणणं, इथेच गोष्टीला खोली आली. ज्याचं ते काम नाही त्याने जीव धोक्यात घालणं हे साहित्य, आणि पगारी माणसाने घालणं ही नोकरी. मला हे साफ अमान्य आहे. शेतकऱ्याला ते एकदाच करायचंय. स्कॅलनला पुढच्या महिन्यात पुन्हा दुसरा कैदी घेऊन निघायचंय, त्याच दीडशे डॉलरमध्ये. मूळ कथेच्या शेवटी खुद्द किडच त्याला म्हणतो की तू तुझे दीडशे खरोखर कमावतोस. त्याहून मोठी पावती मला माहीत नाही.

खरं घडायचं का, तर घडायचं, पण हिशेब वेगळा होता. आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथच्या न्यायाधीश पार्करच्या हाताखालच्या डेप्युटी मार्शलांना 1896 पर्यंत पगारच नव्हता. अटकेमागे दोन डॉलर आणि मैलामागे काही सेंट. आरोपी हातून मेला तर तेही बुडायचे, वर पुरण्याचा खर्च अंगावर. त्यामुळे उठसूट गोळी घालणं परवडायचं नाही. बास रीव्ह्ज हा त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला, गुलामीत जन्मलेला काळा माणूस. वाचता यायचं नाही, म्हणून वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ करायचा. खुनाच्या गुन्ह्यात स्वतःच्या मुलालाही त्यानेच पकडून आणलं. आणि ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावची 26 ऑक्टोबर 1881 ची मार्शल आणि काउबॉय टोळीतली ती प्रसिद्ध चकमक अर्ध्या मिनिटाची. तिथेही वादाचं एक कारण गावात हत्यार बाळगायला बंदी, हेच होतं.

दुसरी कथा स्टीफन क्रेनची ‘द ब्राइड कम्स टू यलो स्काय’, 1898 ची. पिऊन धिंगाणा घालणारा बंदूकबाज आणि नुकतंच लग्न करून बायकोला घेऊन परतलेला, हातात हत्यार नसलेला मार्शल, घराजवळ समोरासमोर. गोळी सुटत नाही. बंदूकबाजाचा शर्ट न्यूयॉर्कच्या बायकांनी शिवलेला, हे क्रेन मुद्दाम सांगतो. त्यावर थांबून विचार करा. ओ. हेन्रीची ‘द कॅबॅलेरोज वे’ही वाचा. त्यात डाकूला पकडायला आलेला रेंजर, म्हणजे टेक्सासचा पोलीसच, फसतो.

एक सांगायचं राहिलं. ओ. हेन्रीच्या त्या कथेत मेक्सिकन माणसांविषयी जे लिहिलंय ते आज वाचवत नाही. आणि खरे मार्शलही सगळे स्कॅलनसारखे नव्हते. आज बिल्ला आणि उद्या दरोडा असे कित्येक होऊन गेले. इंग्रजी कच्चं असेल तरी लेनर्ड जमेल, वाक्यं लहान आहेत. मी डिक्शनरी घेऊन चार दिवसांत वाचली.

साडूंना ते पुस्तक मी दोनदा दिलं. दोन्ही वेळा खूण घातलेलं पान तसंच ठेवून परत आलं. तुम्ही वाचाल तेव्हा हॉटेलच्या खोलीतली पानं घाईने उलटू नका, आणि शेतकरी बरा की मार्शल, ते इथे खाली लिहा. मी त्यांना दाखवणार आहे.