शस्त्रक्रियेनंतर कॉर्नियाची जाडी अपेक्षेपेक्षा कमी का भरते?

प्रश्न : लासिकपूर्वी, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी, माझ्या कॉर्नियाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ५३२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि चष्म्याचा नंबर उणे ५ होता. लेसरने सुमारे ७० मायक्रॉन थर निघेल, असे सांगण्यात आले होते. आठ महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात जाडी ४४८ भरली. जास्तीचे १४ मायक्रॉन कुठे गेले?

उत्तर : दोन्ही मापे एकाच प्रकारच्या यंत्रावर घेतली होती का, हे आपण कळवलेले नाही आणि खरी मेख तिथेच आहे. डोळा बधिर करून कॉर्नियाला सळई टेकवणारे अल्ट्रासाउंड यंत्र आणि स्पर्श न करता प्रकाशाने मोजणारी यंत्रे एकाच डोळ्याची जाडी थोडी वेगवेगळी दाखवतात. प्रकाशाच्या काही यंत्रांवर तर लासिकनंतरची जाडी प्रत्यक्षाहून कमी दिसते. शिवाय झोपेतून उठल्यावर कॉर्निया किंचित फुगलेला असतो. त्यामुळे एवढ्या फरकावरून चूक झाल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. शंका राहिलीच, तर पहिल्याच यंत्रावर पुन्हा मोजून घ्यावे.

मात्र एकूण जाडीपेक्षा महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. लासिकमध्ये वरची चकती, म्हणजे फ्लॅप, उचलून पुन्हा जागेवर बसवतात. ती मापात धरली जाते, पण कॉर्नियाच्या मजबुतीत तिचा वाटा नगण्य असतो. म्हणून फ्लॅपखाली किती थर उरला, हे पाहावे लागते. फ्लॅप ११० मायक्रॉनचा धरला, तर आपल्या डोळ्यात कमी भरलेल्या मापानुसारही ३३८ मायक्रॉन उरतात. किमान २५० उरावेत असा जुना संकेत आहे, आणि बरेच शल्यविशारद त्याहून अधिकच ठेवतात. आपल्या फ्लॅपची नेमकी जाडी शस्त्रक्रियेच्या नोंदीत सापडेल. अर्थात कॉर्नियाचा आकार बदलत नाही ना, हे जाडीवरून कळत नाही. त्यासाठी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढणारी तपासणी, करावी लागते.

आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगणे भाग आहे. कॉर्निया पातळ व सपाट झाल्यामुळे डोळ्यातील दाब नेहमीच्या पद्धतीने मोजला असता प्रत्यक्षाहून कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. दाब तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना लासिक झाल्याचे सांगून ५३२ चा तो जुना कागद दाखवावा.