नवीन सायन्स टीचरसाठी, दहावीची मुलं फिजिक्सला का घाबरतात

मॅडम, रत्नागिरीकडच्या शाळेत रुजू झालात, छान, एक सांगते. मुलं फिजिक्स टाळतात ते विषय आवडत नाही म्हणून कमी आणि गणिताच्या धास्तीने जास्त, त्यात दादा-ताईने घरी सांगितलेलं असतं की अकरावीला सगळं इंग्लिशमधून येतं, मग मराठी मीडियमचं हुशार पोरगंसुद्धा आर्ट्स-कॉमर्सचा फॉर्म भरतं. आणि जे घेतात त्यातले बरेच मेडिकलच्या नीट परीक्षेला लागतं म्हणून घेतात, आवड तिथेही नसतेच.

म्हणून सूत्र फळ्यावर नंतर लिहा. दहावीला विज्ञानाच्या भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण पहिलंच आहे, तेव्हा आधी विचारा समुद्राला उधाण, म्हणजे मोठी भरती, कधी येतं. बंदरावरची पोरं लगेच सांगतील अमावास्या-पुनवेला, भरती रोज पाऊणएक तास उशिरा येते हेही त्यांना ठाऊक असतं, मग चंद्र-सूर्य एका रेषेत आले की ओढ कशी वाढते ते त्यांच्याच तोंडून काढायचं. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा इथे बोलतो, त्याला बोलू द्या, पोर्शन दोन दिवस मागे पडला तरी चालेल.

आणि भौतिक राशींचे इंग्लिश शब्द नववीपासूनच कानावर घाला, त्वरण म्हणताना ॲक्सिलरेशनही म्हणा.