शारजाहून कायमचं परतताय? फ्लॅटआधी ती पॉलिसी बघू

एका ताईंचं पत्र आलंय. शारजातल्या भारतीय शाळेत १६ वर्षं गणित शिकवतात, वय ४९. मिस्टरांची नोकरी गेल्या वर्षी गेली, म्हणून मार्चअखेर शाळेचं वर्ष संपलं की दोघं नाशिकला, सासरच्या घरी परतणार. मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एनआरई एफडी (परदेशातल्या कमाईची भारतातल्या बँकेत ठेवलेली मुदत ठेव) ४५ लाख, म्युच्युअल फंडात २० लाख, ‘ग्रॅच्युइटीचे २६ लाख येतील’. प्रश्न असा, की नाशिकला ७५ लाखांचा फ्लॅट बघून ठेवलाय, तो एफडी मोडून घेऊ की कर्ज काढू?

पत्राच्या शेवटी, ता. क. म्हणावं तशी एक ओळ आहे : ‘बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने दोन वर्षांपूर्वी एक गॅरंटीड प्लॅन दिलाय, वर्षाला ६ लाख, १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी एक कोटी टॅक्स-फ्री. तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.’

ताई, फ्लॅट राहू द्या. आधी या ओळीकडे येऊ. हा प्लॅन म्हणजे विमा पॉलिसी आहे.

दोन हप्ते गेले म्हणजे १२ लाख. अजून आठ बाकी म्हणजे ४८ लाख. हे दिरहमच्या पगारातून जायचे होते, आणि तो पगार मार्चमध्ये थांबतोय. नाशिकला तुम्ही ८० हजारांची नोकरी धरली आहे. मी ४० हजारच धरतो. जास्त मिळाले तर उत्तम. वर्षाचे ४.८० लाख. घरखर्च तुमच्याच हिशेबाने महिना ६० हजार, म्हणजे ७.२० लाख. तूट २.४० लाख. एफडीचं ७ टक्क्यांनी सव्वातीन लाखांच्या आत-बाहेर व्याज येईल, तूट भरून निघेल. पॉलिसी चालू ठेवली तर तूट ८.४० लाख. मग दरवर्षी एफडीच मोडायची.

आणि मोडून काय मिळवायचं? एकूण ६० लाख भरून २० वर्षांनी एक कोटी, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास परतावा. सात टक्क्यांची एफडी मोडून सव्वातीन टक्क्यांत टाकायची! ‘टॅक्स-फ्री’ म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसीचा वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर असेल तर मुदतीअंती मिळणारा नफा करपात्र आहे. तुमचा हप्ता ६ लाखांचा आहे. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

गेलेले १२ लाख आता हिशेबात धरू नका, त्यांच्या मोहापायी आणखी ४८ जातील. विमा कंपनीला दोन आकडे ईमेलवर लेखी मागा : आज सरेंडर केली (बंद करून पैसे काढले) तर किती, आणि पेडअप केली (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली) तर मुदतीअंती किती. दोन हप्त्यांनंतर सरेंडरवर किमान भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ३.६० लाख मिळायला हवेत. पेडअपचा आकडा १५ लाखांच्या वर आला तर पेडअप करून विसरून जा, ३.६० लाखांना १८ वर्षांत १५ लाख व्हायला सव्वाआठ टक्के लागतात, तेवढा परतावा सुरक्षित ठिकाणी मिळणं कठीण. आकडा बराच खाली असेल तर सरेंडर. पूर्ण चालू ठेवली तरी उरलेल्या ४८ लाखांवर मिळणारा परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. तिसरा हप्ता कोणत्याही परिस्थितीत भरू नका, मॅनेजर कितीही गोड बोलला तरी.

‘एफडीसारखंच आहे, पाच वर्षांनी काढता येईल’ असे त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज आहेत म्हणता. ते जपून ठेवा. आधी कंपनीकडे तक्रार, दाद नाही लागली तर विमा लोकपाल. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण तक्रारीला खर्च काहीच नाही.

आता ग्रॅच्युइटी. २६ लाख कुठून आले? वर्षाला एक महिन्याचा पूर्ण पगार, असं स्टाफरूममधलं गणित दिसतंय. यूएईत ती मूळ पगारावर असते : पहिल्या पाच वर्षांत प्रत्येक वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढे प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. तुमचा पगार ७ हजार दिरहम, पण बेसिक ३ हजार, म्हणजे दिवसाचे १००. पहिल्या पाच वर्षांचे १०,५००, पुढच्या अकरांचे ३३,०००. एकूण ४३,५०० दिरहम. दिरहमला २३ रुपये धरले तर १० लाख. सगळं देणं करार संपल्यापासून १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे. ते पैसे खात्यात पडेपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका. क्रेडिट कार्ड मात्र आधीच बंद करून ‘काही देणं नाही’ असं पत्र घ्या.

दुसरं न विचारलेलं : मेडिक्लेम. व्हिसा रद्द झाला की शाळेचा विमा संपला. मिस्टरांना मधुमेह आहे. आधीच्या आजारांना इथे तीन वर्षांपर्यंत वाट बघावी लागू शकते आणि ती पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजली जाते. एप्रिलची वाट बघू नका, आत्ताच इथली पॉलिसी घ्या. आजार लपवू नका, नाहीतर क्लेमच्या वेळी रडाल.

करांबद्दल घाबरू नका. परत येताच बँकेला कळवून एनआरई खातं रहिवासी करून घ्यायचं, तेव्हापासून व्याज करपात्र. पण पगार आणि व्याज मिळून ८ लाख, नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. रिटर्न भरा म्हणजे झालं.

राहिला फ्लॅट. २६ चे १० झाल्यावर एफडी पूर्ण मोडूनही २० लाख कमी पडतात आणि घर चालवायला व्याज उरत नाही. कर्जाला बँक कोणत्या पगाराकडे बघून हो म्हणेल? मुलीची फी फंडातून जाऊ द्या. घर सासरचं आहेच. वर्षभर तिथे राहा, नोकरी नाशिकला लागते की पुण्याला ते कळू द्या. बिल्डरला टोकन दिलं असेल तर याच आठवड्यात परत मागा.